‘सॉरी म्हण’ म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा

वर्गात दोन मुलांची पेन्सिलवरून झोंबाझोंबी झाली की आपल्या तोंडून आधी ‘सॉरी म्हण’ निघतं. मूल मान खाली घालून पुटपुटतं, भांडण मिटल्यासारखं वाटतं आणि मधल्या सुट्टीत पुन्हा सुरू होतं.

त्याऐवजी आधी मुलाला शांत होऊ द्या. मुठी आवळलेल्या, कान लाल झालेले, श्वास फुललेला असताना कितीही समजावलं तरी ते आत पोचत नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. सात वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करणार? शेजारी बसा. फुंकर मारल्यासारखा सावकाश श्वास सोडायला लावा, पाच-सहा वेळा.

मग भावनेला नाव द्या. ‘तुला राग आला, की वाईट वाटलं?’ मुलं सगळ्यालाच ‘राग’ म्हणतात, कारण दुसरा शब्दच हाताशी नसतो. हिरमुसणं, हेवा, लाज, भीती, एकटं पडणं हे शब्द एरवी, गोष्ट वाचताना सहज पेरत राहा. माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथेच घ्यावेत.

शेवटी विचारा, ‘आता त्याला बरं वाटावं म्हणून तू काय करशील?’ उत्तर त्यालाच शोधू द्या. कुणी पेन्सिलला टोक करून देतं, कुणी नुसतं शेजारी जाऊन बसतं. तेही चालेल.