पहिलं घड्याळ चालू स्थितीतलंच घ्या

आजोबांचं कित्येक वर्षं बंद असलेलं एचएमटी उघडून मी घड्याळांच्या छंदाला सुरुवात केली. कपाळमोक्षच तो. जोडल्यावरही घड्याळ बंदच! आता दोष आत सुकलेल्या तेलाचा की माझ्या बोटांचा, हे कळणार कसं? शिवाय मधेच चिमटा घसरला आणि हेअरस्प्रिंगची, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, सुबक गुंडाळी शेवेसारखी वेडीवाकडी झाली.

ते घेऊन नारायण पेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. डोळ्यावरचं भिंगही न काढता ते म्हणाले, "सायकल शिकायला पंक्चर झालेली घेतली होतीस का?"

नवशिक्यांना मी हेच सांगतो. पहिलं घड्याळ चालू असलेलं, स्वस्त आणि कुणाच्याही आठवणी नसलेलं घ्या. ते उघडा, जोडा, पुन्हा उघडा. जोडल्यावर चाललं नाही तर चूक आपलीच, हे तरी नक्की. आजोबांचं घड्याळ कपाटात थांबेल, त्याला घाई नाही.

मी रविवारी जुन्या बाजारातून एचएमटी जनता घेतलं. बंगळूरमध्ये 1961 साली जपानच्या सिटीझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आणि 2016 मध्ये सरकारने हा विभाग बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात ती इतक्या घरांत पोचली की सुटे भाग अजून मिळतात. जनता रोज किल्ली द्यायचं, 17 ज्वेलचं (म्हणजे आत घर्षण कमी करणारी 17 माणकं असलेलं), ना तारीख ना वार. शिकायला याहून साधं काय हवं? विकत घेताना किल्ली द्या, कानाला लावा, मग आडवं आणि उभं धरून सेकंदकाटा थांबत नाही ना ते बघा. काटे पुढे-मागे फिरवून पाहा. झगझगीत रंगाची कोरी तबकडी बहुतेक वेळा नंतर रंगवलेली असते. संग्राहक नाक मुरडतील, आपल्याला फरक पडत नाही.

हत्यारं थोडीच लागतात: दहा पटींचं भिंग, दोन-तीन मापांचे बारीक स्क्रूड्रायव्हर, चुंबक न धरणारा टोकदार चिमटा, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि बोटांना घालायच्या टोप्या. महागड्या स्विस संचाच्या मोहात पडू नका. स्वस्त स्क्रूड्रायव्हरचं पातं धारेच्या दगडावर घासून स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असं केलं की काम भागतं. पातं अरुंद असेल तर घसरतं आणि पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, कायमचा ओरखडा काढतं. काकांनी मला पहिले दोन शनिवार फक्त पातं घासायला लावलं होतं. तेव्हा राग आला होता.

जागेबद्दल मात्र जरा विस्ताराने सांगतो, कारण माझे निम्मे भाग तिथेच गेले. आमच्या घरी ठिपक्यांची मोझॅक फरशी आहे. तिच्यावर पडलेला स्क्रू म्हणजे विसर्जनाच्या गर्दीत हरवलेली चप्पल. आता मी खाली पांढरी चादर अंथरतो, टेबलावर उंच पाट ठेवतो म्हणजे घड्याळ छातीच्या उंचीला येतं, आणि पंखा बंद. एप्रिलमध्येही बंद. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाची वेळ बरी. पावसाळ्यात हत्यारं पुसून डब्यात ठेवा, नाहीतर चिमट्याच्या टोकाला गंज आलाच.

सुटे भाग ठेवायला मिसळणाच्या जुन्या डब्यासारखं दुसरं काही नाही. सात वाट्या, काढलेल्या क्रमाने भरायच्या. आईला मात्र आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. सगळे स्क्रू सारखे दिसतात, सारखे नसतात.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे किल्लीने ताणल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला जोर सोडणं. किल्ली बोटांत घट्ट धरायची, क्लिक (किल्ली उलटी फिरू न देणारी खिट्टी) बाजूला करायचं आणि किल्ली हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्यागणिक अडवून सोडणारा छोटा दुतोंडी भाग) काढलात तर सगळी चाकं झर्रकन फिरतात आणि दाते जाऊ शकतात. दुसरी गोष्ट, काही घड्याळांत क्राउन व्हीलचा, म्हणजे किल्लीने फिरणाऱ्या चाकाचा, स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. माझ्या दुसऱ्या घड्याळात तसा होता. तो निघत नाही म्हणून मी आणखी जोर लावला आणि डोकंच तुटलं.

स्वच्छ करताना अल्कोहोल वापरत असाल तर पॅलेट फोर्क त्यात बुडवून ठेवू नका. त्याची माणकं लाखेने चिकटवलेली असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला चपडीचं पॉलिश करणाऱ्यांना हे माहीत असतंच. तेल अगदी टाचणीच्या टोकाएवढं. आपला मराठी हात फोडणीचा, तो आवरावा लागतो. पॅलेट फोर्कच्या आसाच्या टोकांना तर तेल द्यायचंच नाही.

जोडताना बॅलन्स (हेअरस्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं चाक) बसवायच्या आधी किल्लीचे दोन-तीन वळसे द्या आणि पॅलेट फोर्कला चिमट्याने हलकेच स्पर्श करा. तो टुणकन दुसऱ्या बाजूला उडी मारून थांबला तर चाकांची साखळी नीट बसली आहे. नाही उडाला, तर पुढे जाऊ नका.

माझं जनता सहाव्यांदा जोडल्यावर चाललं. तासाला 18000 ठोके, म्हणजे सेकंदाला 5. मोबाइलच्या माइकवर ठोके मोजणारी अ‍ॅप मिळतात, त्यात दाखवलं की दिवसाला सात-आठ मिनिटं पुढे! दोन रात्री मी रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची दांडी, मागे सारत बसलो. शेवटी काकांकडे. त्यांनी घड्याळाशेजारी एक छोटं होकायंत्र ठेवलं. सुई थरथरायला लागली.

"ठेवतोस कुठे हे?"

"टेबलावर. स्पीकरशेजारी."

हेअरस्प्रिंग चुंबकीय झाली होती. वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. काकांनी चुंबकत्व घालवणारी एक निळी डबी काढली, बटण दाबून घड्याळ तिच्यावरून उचलत लांब नेलं, आणि सुई शांत झाली.

"घड्याळ ठीक आहे," ते म्हणाले, "रेग्युलेटर तेवढा होता तिथे आण. आणि टेबल बदल."