क्यूजीआयएसमध्ये दोन तारखांमधील अंतर काढताना
क्यूजीआयएस या नकाशे व भौगोलिक माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (रकान्यातील मूल्ये सूत्राने काढण्याच्या साधनात) एका तारखेतून दुसरी वजा केली, की उत्तर म्हणून संख्या नव्हे तर कालावधी मिळतो. म्हणून पूर्णांकाच्या रकान्यात दिवस हवे असतील, तर ती वजाबाकी ‘डे’ या फंक्शनच्या कंसात ठेवावी. तेच फंक्शन एकट्या तारखेला लावल्यास केवळ महिन्यातील दिनांक देते. कालावधीसाठी ‘मंथ’ मात्र जपूनच वापरावे, कारण तेथे महिना 30 दिवसांचा धरला जातो आणि 1 जानेवारी 2010 ते 1 जानेवारी 2012 या 730 दिवसांचे 24 नव्हे, तर 24.33 महिने होतात. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष या क्रमाने मजकूर म्हणून नोंदवलेल्या तारखा आधी ‘टू_डेट’ या फंक्शनने, तारखेच्या मांडणीचा साचा स्पष्ट देऊन, बदलून घ्याव्यात, साच्यात महिन्यासाठी मोठ्या लिपीतील ‘एम’ लागतो, लहान ‘एम’ मिनिटांसाठी असतो.