मोठ्या पिकअपवरून छोट्या हत्तीवर येताना

कोल्हापूरच्या बाजारात मालवाहू गाडीला नाव पडते ते तिच्या अंगापिंडावरून. बोलेरोच्या मापाच्या गाडीला सगळे नुसते ‘पिकअप’ म्हणतात, आणि २००५ साली टाटा एस आल्यापासून तिच्या मापाची कोणतीही गाडी, मग ती मारुतीची असो वा महिंद्राची, ‘छोटा हत्ती’ ठरते. गुळाच्या आणि किराणा मालाच्या धंद्यात सहा वर्षे १.७ टनांची पिकअप वापरल्यानंतर मी छोट्या हत्तीवर आलो. तो निर्णय माझ्यापुरता बरोबर ठरला. परंतु गाडी घेतल्यावर ज्या गोष्टी लक्षात आल्या, त्यांतील निम्म्या तरी आधी कागदावर मांडता आल्या असत्या. हा बदल करू पाहणाऱ्याला त्या उपयोगी पडाव्यात म्हणून इथे लिहीत आहे.

शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी फेऱ्यांची वही करावी. प्रत्येक फेरीची तारीख, कुठून कुठे, माल कोणता, वजन किती आणि हौदा भरला तो वजनाने की जागेने, एवढेच त्यात लिहावयाचे. यातील शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. वजन अंदाजाने लिहू नये. नेहमीच्या तीन-चार प्रकारच्या फेऱ्या काट्यावर नेऊन रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची पावती घ्यावी. ‘आपल्या गाडीत एक टन तर सहज असतो’ असे मीही वर्षानुवर्षे म्हणत होतो. काट्यावर गेल्यावर कळले की शहरातल्या दुकानांना माल पोचवण्याच्या फेऱ्यांत मी बहुतेक वेळा पाचशे-सहाशे किलो घेऊन हिंडत होतो आणि उरलेल्या टनभर क्षमतेचे डिझेल, टायर आणि विमा मात्र रोज भरत होतो.

वही कोणत्या महिन्यात लिहिली जाते यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतात. पावसाळ्यात लिहिलेली वही पाहून छोटी गाडी घेणारा माणूस डिसेंबरात मार्केट यार्डाच्या दारात भाड्याची पिकअप शोधत फिरतो. म्हणून हंगामातला एक महिना आणि बिगरहंगामातला एक महिना, अशा किमान दोन महिन्यांच्या नोंदी हव्यात.

आता हिशेब. छोट्या हत्तीच्या वर्गातील गाड्यांची भारक्षमता साधारण ७५० किलोच्या आसपास असते. कोल्हापुरी गुळाचा पारंपरिक रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा. म्हणजे वरवर पाहता २५ रवे बसतील. परंतु आरसी बुकात दोन वजने असतात, एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भारासह एकूण, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या गाडीच्या वजनात चालक व सोबत्याचे वजन धरलेले नसते. चालक आणि हमाल मिळून १३० किलो धरले तर ७५० मधून ६२० किलो उरतात, म्हणजे २० रवे आणि ताडपत्री-दोराची थोडी सोय. हौद्यावर लोखंडी जाळी किंवा बंद बॉडी बांधून घेतली, तर तिचेही वजन याच ६२० किलोंतून जाते. हेच गणित १.७ टनांच्या पिकअपला लावले तर ५२ रवे बसतात. ‘मोठी गाडी एक फेरी मारते तिथे छोटी दोन मारेल’ असे जे सर्रास बोलले जाते, ते इथेच फसते: ५२ रव्यांसाठी छोट्या हत्तीला तीन फेऱ्या लागतात, आणि तिसरी फेरी संध्याकाळी पडते.

त्यामुळे वहीतल्या जड फेऱ्या किती आहेत ते मोजून त्यांचा वेगळा हिशेब करावा. त्या महिन्यातून चार-पाच असतील तर त्या दिवशी भाड्याची पिकअप करणे स्वस्त पडते. आठवड्यातून तीन असतील तर छोटी गाडी घेऊच नये, किंवा मधली पायरी पाहावी. टाटा इंट्राच्या व्ही १० ची क्षमता एक टनाची आणि व्ही ३० ची १.३ टनांची आहे, तर अशोक लेलँडची दोस्त सव्वा टनाच्या आसपास घेते. मोठ्यावरून उतरायचे म्हणजे थेट तळालाच जायला हवे, असे नाही.

मालाच्या जातीवरही बरेच अवलंबून आहे. गांधीनगरच्या कापडाच्या व्यापाऱ्याचा किंवा बेकरीवाल्याचा माल जागा खातो, वजन नाही. त्याने हौद्याची लांबी-रुंदी पाहावी. याउलट शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतून कास्टिंग वाहणाऱ्याचा हौदा निम्मा रिकामा दिसत असतानाच गाडीची वजनमर्यादा संपलेली असते. अशा माणसाला मी हा बदल सुचवणार नाही, कारण रिकामी जागा डोळ्यांना दिसत राहते आणि कारखान्यातला माणूस ‘अजून दोन पेट्या टाका’ म्हणतच राहतो. दूध वाहणाऱ्याने ४० लिटरचा कॅन भरलेला असताना कॅनसह सुमारे ५० किलो धरावा, म्हणजे चालक-सोबत्यांसह बारा कॅन ही मर्यादा समजते.

लांब वस्तूंचा प्रश्न वेगळा आहे. छोट्या हत्तीचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास असतो, आणि शेतीच्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप सहसा सहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ वीस फुटांचा. पिकअपमध्येही तो बाहेर येतच होता, पण छोट्या गाडीत पाइपचा बहुतांश भाग हवेत लोंबतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा वजनासाठीही २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. छोट्या गाडीच्या एका फेरीचे भाडे पाहता हा दंड महिन्याची कमाई नेऊ शकतो.

इंधन निवडताना घाट डोळ्यांसमोर ठेवावा. केवळ शहरात, म्हणजे लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी आणि फार तर कागलपर्यंत फिरणाऱ्याला सीएनजी परवडतो. परंतु टाकीचे वजन भारक्षमतेतूनच जाते. मारुती सुपर कॅरीच्या पेट्रोल गाडीची क्षमता ७४० किलो आहे, तर सीएनजीची ६२५ किलो. हा फरक जवळजवळ चार रव्यांचा आहे. शिवाय सीएनजीवर इंजिनाची ताकद कमी होते आणि ती भरल्या गाडीने चढ चढताना जाणवते. गूळ घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाटाने किंवा फोंडा घाटाने कोकणात उतरणाऱ्याने परतीच्या चढाचा विचार करावा, कारण येताना गाडी रिकामी येत नाही. नारळ किंवा मोसमात आंब्याच्या पेट्या असतातच. महिन्यातून एखादा घाट असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संयमाने जाता येते. आठवड्याला दोन घाट असतील तर डिझेलची मधल्या मापाची गाडीच बरी. मोठ्या इंजिनाची सवय झालेला चालक उतारावरही चुकतो: पिकअपमध्ये तो नुसत्या ब्रेकवर निभावून नेत असेल, पण इथे खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यावी लागते.

चाकांकडे कोणी पाहत नाही. पिकअपची चाके १५ इंची किंवा त्याहून मोठी असतात, टाटा एसची १२ आणि सुपर कॅरीची १३ इंची. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवरचे जे खड्डे मोठे चाक ओलांडून जाई, त्यांत लहान चाक उतरते. याखेरीज या गाड्यांचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते आणि मागची चाके गाडी ओढतात, त्यामुळे रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर फारसा भार नसतो आणि गुऱ्हाळाच्या चिखलाच्या वाटेवर ती जागच्या जागी फिरतात. मी अशा वाटेवर जाताना रिकाम्या हौद्यात मागच्या अक्षावर वाळूची दोन पोती टाकतो.

इतके सोसून मिळते ते काय, हे महाद्वार रोडवर किंवा पापाच्या तिकटीला सणाच्या आदल्या दिवशी माल उतरवलेल्याला सांगावे लागत नाही. छोट्या हत्तीला वळायला ४.३ मीटरची त्रिज्या पुरते. जिथे पिकअप तीनदा मागेपुढे करून वळत होती, तिथे ही एका दमात वळते. माझा गल्ल्यांतला वेळ जो वाचला, त्यानेच हा व्यवहार खऱ्या अर्थाने फेडला. डिझेलची बचत त्यामानाने दुय्यम होती.

चाचणीसाठी शोरूमवाले रिकामी गाडी महामार्गावर फिरवून आणतात. त्यातून काहीच कळत नाही. विक्रेत्याला आधी सांगून ५०० ते ६०० किलो माल भरावा, नेहमीच्या हमालाला शेजारी बसवावे आणि पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर न्यावी. मध्येच थांबवून पुन्हा चढावरच उचलून पाहावी. उतरताना ब्रेक आणि महामार्गावर शेजारून ट्रक गेल्यावर गाडी किती हलते, तेही ध्यानात घ्यावे. चालक स्वतः नसाल तर जो चालवणार आहे त्यालाच न्यावे. माझ्या उंच चालकाचे गुडघे केबिनमध्ये अडतात, हे मला गाडी घरी आल्यावर समजले.

कागदपत्रांत काही बाबी सोप्या आहेत. ड्रायव्हिंग लायसन्स बदलावे लागत नाही. एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे तोही जाच जातो. किणी टोलनाक्यावर टाटा एसच्या मापाच्या गाडीला मोटारगाडीचाच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीची जुनी दरपत्रके हाती धरून तुलना करू नये.

जुनी गाडी विकणे मात्र सोपे नाही, आणि तिथे मी स्वतः ठेचकाळलो. ओळखीतल्या माणसाला पिकअप दिली, पैसे मिळाले, किल्ली दिली आणि ‘कागद पुढच्या आठवड्यात करू’ म्हणून सोडून दिले. तीन महिन्यांनी वेगमर्यादा ओलांडल्याचे दोन ई-चलान माझ्या मोबाइलवर आले. दंडाचे भागले असते. परंतु अपघात झाला असता तर नोंदीत ज्याचे नाव त्याचीच जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलेले आहे. म्हणून किल्ली देण्याआधी मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या व्हाव्यात, कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरील बोजा उतरवावा, थकलेली चलाने भरावीत आणि हस्तांतराची सूचना १४ दिवसांच्या आत आरटीओकडे जावी. नमुना २९ ची पोचपावती जपून ठेवावी. जुना फास्टॅग बंद करावा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहतो.

विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावून घ्यावा. विक्रेता सहसा ही आठवण करून देत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्याने जुनी गाडी विकण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवरील जीएसटीचा दर १८ टक्के आहे. गाडी घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेले नसेल आणि घसारा दाखवला असेल, तर विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील फरकावरच कर बसतो. पासिंगची मुदतही पाहावी: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो, त्यामुळे आठ वर्षांच्या उंबरठ्यावरच्या गाडीला गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते.

गाडी दारात आल्यावर पहिला महिना सवयीशी झगडण्यात जातो. पहिल्याच आठवड्यात माझ्या हमालांनी डोळ्यांच्या अंदाजाने ३० रवे भरले. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सपाट झाले, नाक वर गेले आणि स्टिअरिंग इतके हलके झाले की रंकाळ्याच्या वळणावर पोटात गोळा आला. त्यावर गॅरेजवाल्याने पाटा वाढवून देण्याचा उपाय सुचवला. तो कोणीही करू नये. पाटा वाढवल्याने गाडी खाली बसलेली दिसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, चासी आणि आरसीवरचा आकडा आहे तिथेच राहतात. माल केबिनच्या फळीला टेकवून भरायला सुरुवात करावी, जड वस्तू तळाला आणि मागच्या अक्षाच्या पुढे ठेवाव्यात, फाळक्याजवळ हलके सामान यावे, आणि भरल्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये कंपनीने सांगितलेला हवेचा दाब राखावा.

शेवटी मी वीस रवे रचून गाडी काट्यावर नेली, पावती आरसीशी ताडून पाहिली आणि त्या थराच्या उंचीला हौद्याच्या आतल्या बाजूने पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतली. ती फक्त गुळासाठी आहे. साखरेच्या ५० किलोंच्या पोत्यांना उंची लागत नाही, म्हणून त्यांच्यासाठी हमालांना ‘बारा’ हा आकडा पाठ करून दिला आहे.