रजिस्टर हललं? ग्रिपरच्या या चुका टाळा

श्रावण-भाद्रपदात मुंबईतल्या छापखान्यांत दोन गोष्टी एकदम येतात: दिवाळी अंकांचे फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) आणि ओली हवा. मग लोअर परळ असो की वडाळा, कुठल्या तरी गाळ्यात चार रंग एकमेकांवर बसेनासे होतात, म्हणजेच रजिस्टर हलतं, आणि मशीनमन पाना घेऊन ग्रिपरचे (कागद धरणाऱ्या चिमट्यांचे) स्क्रू आवळायला लागतो. ही सर्वांत महागात पडणारी चूक. मूळचं सेटिंग एकदा बिघडलं की खरा दोष कुठे होता, ते कळायचा मार्गच बंद होतो.

शीटफेड ऑफसेटमध्ये (सुटे कागद एकेक करून छापणाऱ्या मशीनमध्ये) कागद फक्त पुढच्या कडेला, जेमतेम काही मिलिमीटर धरलेला असतो. फ्रंट ले आणि साइड ले (पुढचे आणि बाजूचे अडसर) त्याला जागेवर आणतात. स्विंग ग्रिपर त्याला उचलून सिलिंडरच्या वेगाला आणतो आणि इम्प्रेशन सिलिंडरच्या (कागद दाबून छाप उठवणाऱ्या रुळाच्या) ग्रिपरकडे देतो. पुढे ट्रान्सफर सिलिंडर (कागद पुढच्या युनिटकडे, म्हणजे पुढच्या रंगाकडे, नेणारा), पुन्हा इम्प्रेशन, शेवटी छापलेला कागद गठ्ठ्यावर सोडणारी डिलिव्हरीची चेन. दर वेळी हातबदल होताना क्षणभर दोन्हीकडचे ग्रिपर कागद धरून असतात. पुढच्याने पकडायच्या आत मागचा सुटला तर कागद सरकतो. मागचा सुटायला उशीर झाला तर कागद ओढला जातो, कधी कड फाटते.

म्हणून आधी बिघाड कुठल्या हातबदलात आहे ते शोधा. लागोपाठचे वीस-पंचवीस कागद काढा, क्रमांक घाला आणि भिंगाखाली रजिस्टर मार्क (रंग जुळले का ते दाखवणाऱ्या खुणा) बघा. सगळ्या कागदांवर फरक सारखाच असेल तर ग्रिपरला हात लावू नका, प्लेट सरकवा. रंग आपसांत जुळताहेत, पण अख्खी छपाई कागदाच्या कडेपासून कमी-जास्त होतेय? मग गडबड पहिल्या इम्प्रेशनच्या आधीची: ले किंवा स्विंग ग्रिपर. पहिले दोन रंग जुळतात आणि तिसऱ्यापासून दर कागदाला वेगळा फरक पडतो, तर दुसऱ्या-तिसऱ्या युनिटमधली पकड तपासा. एकरंगी मशीनवर तेच कागद त्याच प्लेटवर पुन्हा चालवा; दुसरा ठसा दर कागदाला वेगळीकडे पडला तर दोष कागद आत घेण्यातच आहे.

पुढची कड जुळते आणि मागे रंग फाकतात, तेव्हा बहुतेक वेळा ग्रिपर निर्दोष असतो. कागदाने ओल खाल्लेली असते. रात्री रिमांची वेष्टनं फोडून ठेवायची आणि सकाळी मशीनला शिव्या द्यायच्या, हा प्रकार थांबवा. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) सिलिंडरच्या लांबीला समांतर आहे ना, तेही बघा.

दोष ग्रिपरमध्येच सापडला तरी एकच बोट (बारवरच्या रांगेतला एक ग्रिपर) आवळू नका. दोरीवरच्या चादरीला एक चिमटा घट्ट आणि बाकीचे सैल लावले की ती जशी ओढली जाते, तसाच कागद चुणतो. मशीन बंद आणि लॉक करून आधी पॅड (बोट कागद ज्यावर दाबून धरतं ती गादी) पुसा. स्प्रे पावडर, कागदाचा भुगा आणि तेल यांचा तिथे लगदा होतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असं माझं मत आहे. मग प्रत्येक बोटाखाली पातळ कागदाची पट्टी धरून ओढा. सगळीकडे ओढ सारखी लागली पाहिजे. पॅड झिजून गुळगुळीत झाले असतील तर त्या बारवरचे सगळे बदला. एकच नवा बसवला तर तो उंच राहतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. तेल द्यायचं ते शाफ्टच्या बुशला आणि कॅमच्या (ग्रिपरची उघडझाप करणाऱ्या चकतीच्या) रोलरला, पॅडला नाही.

आतले फॉर्म ७० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) आणि मुखपृष्ठ ३०० जीएसएमच्या कार्डाचं, पण सेटिंग तेच, ही तर नेहमीची गोष्ट. कार्डासाठी फ्रंट लेच्या वरच्या पट्टीची उंची बदलावी लागते. पॅडची उंची बदलायची सोय असेल तर तीही.

डिलिव्हरीत गठ्ठा वेडावाकडा पडत असेल तर सोडण्याचा कॅम बघा. वेग वाढवला की कागद थोडा आधी सुटायला हवा.

डिझायनर मंडळींनी ग्रिपरच्या बाजूला १० ते १२ मिलिमीटर जागा कोरी सोडावी. पाठपोट छपाईत ग्रिपरची कड बदलणार असेल, तर छापण्याआधीच कागद चारी बाजूंनी काटकोनात कापून घ्या. दुसऱ्या पाठीला फ्रंट ले समोरच्या कापलेल्या कडेवरून माप घेते.