इंडोनेशियन भाषा आणि सामाजिक मूल्ये: प्राथमिक वर्गात या चुका टाळा

२८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तरुणांच्या परिषदेने एक मायभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची एक भाषा अशी शपथ घेतली. ती भाषा निवडताना सर्वांत मोठ्या समाजाची जावानीज बाजूला राहिली आणि बंदरांतून, बाजारपेठांतून बेटोबेटी पोहोचलेल्या मलय भाषेवर उभी असलेली इंडोनेशियन स्वीकारली गेली. सातशेहून अधिक भाषांच्या या देशात प्राथमिक शाळेतल्या इंडोनेशियनच्या तासाला त्यामुळे पहिल्यापासूनच दोन कामे करावी लागतात: मुलाला लिहिता-वाचता करणे आणि वेगळ्या घरातून, वेगळ्या भाषेतून आलेल्या माणसाशी नीट बोलता-वागता यावे अशी तयारी करून घेणे. ही दोन कामे तोडून भाषेच्या तासाला व्याख्या आणि मूल्यांच्या तासाला सुवचने अशी वाटणी केली, की मुलाला दोन्हीकडे गुण मिळतात, पण बाकावरच्या सोबत्याशी मतभेद झाला तर तो कोणत्या शब्दांत मांडावा हे त्याला सुचत नाही. वर्गात वारंवार दिसणाऱ्या पुढच्या चुकांपैकी बहुतेक याच वाटणीतून निघतात.

घरची भाषा वर्गाबाहेर ठेवणे

मूल सगळ्यांबरोबर एका सुरात धडा म्हणते, मात्र एकट्याला प्रश्न विचारला की गप्प राहते, हे या चुकीचे पहिले लक्षण आहे. शिक्षक त्याचा अर्थ लाजाळूपणा किंवा अभ्यासातली ढिलाई असा लावतात आणि आणखी पाठांतर देतात. प्रत्यक्षात जावा, मदुरा किंवा सुलावेसीच्या खेड्यातल्या मुलाने शाळेत येईपर्यंत इंडोनेशियन फार थोडी ऐकलेली असू शकते, आणि अक्षरओळख व नवी भाषा ही दोन्ही ओझी त्याच्यावर एकाच वेळी पडलेली असतात. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने शिक्षणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात गरजेप्रमाणे प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची मुभा दिली आहे. तिचा उपयोग शिक्षकाने संकोच न करता करावा. गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगावी, ती कळल्याची खात्री करावी आणि मग तीच गोष्ट इंडोनेशियनमध्ये आणावी, म्हणजे मुलाला आशय शोधावा लागत नाही, फक्त शब्द शोधावे लागतात. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारमध्ये पावरी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

याच चुकीचे दुसरे रूप अधिक दुखावणारे आहे, कारण त्यात भाषेच्या अडचणीला वागणुकीचा दोष मानले जाते. जावानीजमध्ये बरोबरीच्यांशी बोलण्याची न्गोको आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याची क्रामा अशा पातळ्या आहेत, आणि आदर शब्दाशब्दांतून दिसतो. इंडोनेशियनमध्ये अशा वेगळ्या पातळ्या नाहीत. तिथे आदर मुख्यतः संबोधनातून, म्हणजे बपाक, इबु, काकाक अशा नात्याच्या शब्दांतून, आणि तोलोंग, माआफ, पर्मिसी यांसारख्या विनंतीच्या व क्षमेच्या शब्दांतून व्यक्त होतो. नवशिके मूल शिक्षिकेला इबु म्हणण्याऐवजी कामु, म्हणजे ‘तू’, म्हणाले, तर ते उद्धट नसते, त्याला नव्या भाषेतली रीत अजून ठाऊक नसते. अशा वेळी रागावणे टाळावे. वाक्य योग्य रूपात आपण पुन्हा म्हणावे, मुलाकडून सहज म्हणवून घ्यावे आणि पुढे जावे.

जाकार्तासारख्या शहरात अडचण उलट दिशेने येते. तिथले मूल घरीही इंडोनेशियनच बोलते, पण बोलीतली. ‘नाही’ म्हणताना ते प्रमाण भाषेतल्या ‘तिदाक’ऐवजी बोलीतले ‘एंगाक’ म्हणते आणि शिक्षक ते चुकीचे ठरवून खोडतात. मित्राशी खेळताना एंगाक आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना तिदाक, असा प्रसंगांतला फरक शिकवावा. घरच्या बोलण्याला चूक म्हटल्याने प्रमाण भाषा येत नाही, बोलणेच कमी होते.

मूल्ये पाठ करून घेणे

या सवयीला इतिहास आहे. १९७५ च्या अभ्यासक्रमात पंचशीलावर, म्हणजे इंडोनेशियन राष्ट्राच्या पाच पायाभूत तत्त्वांवर, आधारित नीतिशिक्षण हा विषय आला, १९७८ मध्ये ही पाच तत्त्वे ३६ कलमांत उलगडण्यात आली, आणि पुढची वीस वर्षे ती कलमे शिबिरांतून आणि वर्गांतून पाठ करून घेतली गेली. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता गेल्यावर तो कार्यक्रम बंद झाला, पण परीक्षेतल्या प्रश्नांचे वळण पुष्कळसे तेच राहिले. ‘मित्र पडला तर तू काय करशील?’ या प्रश्नाला हसणे, पळून जाणे आणि मदत करणे असे तीन पर्याय दिले, की उत्तर प्रत्येकाला येते आणि त्यातून कुणाविषयी काहीच कळत नाही.

प्रश्न असा हवा की दोन्ही बाजूंना वजन असेल: जिवलग मैत्रिणीने तुझ्या वहीतून उत्तर उतरवले आणि शिक्षिकेने तुलाच विचारले, तर काय सांगशील? इथे प्रामाणिकपणा आणि मैत्री यांची ओढाताण खरी आहे, आणि उत्तर देताना मुलाला ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ जोडत सलग चार-पाच वाक्ये बोलावी लागतात. भाषेचा उत्तम सराव यातूनच होतो.

याहून चांगली संधी शाळेच्या दिनक्रमात आयती मिळते, ती म्हणजे वर्गसफाईची पाळी, तिथल्या भाषेत पिकेत. बहुतेक ठिकाणी पाळीचा तक्ता शिक्षक स्वतः तयार करून भिंतीला लावतात आणि त्याच भिंतीवर मुस्यावाराह, म्हणजे विचारविनिमयाने निर्णय, या मूल्याचे सुवचनही टांगलेले असते. तक्ता मुलांनाच ठरवू द्यावा. लांबून येणाऱ्याला शाळा सुटल्यावर थांबता येत नाही, कुणाला शुक्रवार नको असतो, कुणाला ठरावीक सोबती हवा असतो. या खऱ्या तक्रारी आहेत. त्या मांडण्यापूर्वी शिक्षकाने दोन-तीन वाक्यरचना द्याव्यात. ‘साया कुरांग सतुजु’, म्हणजे ‘मला हे तितकेसे पटत नाही’, ही सौम्य नकाराची रीत मोठी माणसे रोज वापरतात, पण मुलांना ती क्वचितच शिकवली जाते. त्याच चर्चेत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘कीता’ आणि वगळणारे ‘कामी’ यांतला भेदही आपोआप लक्षात येतो. आपण आणि आम्ही यांतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला त्याचे महत्त्व लगेच कळेल. शेवटी एका मुलाने ठरलेले मुद्दे लिहून वाचून दाखवावेत.

गोष्टीचे तात्पर्य आपणच फळ्यावर लिहिणे

पश्चिम सुमात्रातल्या मालिन कुंदांगच्या कथेत श्रीमंत होऊन परतलेला मुलगा आईला ओळख देत नाही आणि शेवटी तिच्या शापाने दगड होतो. कथा संपताच शिक्षक ‘आईचा अनादर करू नये’ असे लिहितात आणि मुले उतरवून घेतात. इथे खरे प्रश्न राहूनच जातात: त्याला कशाची लाज वाटली, आईला त्याच्याकडून काय हवे होते, शाप देताना तिला काय वाटले असेल? आईच्या वतीने एक पत्र लिहायला सांगितले, तरी मुलांच्या लेखनाचा दर्जा बदललेला दिसतो.

शेतकऱ्याच्या काकड्या चोरणाऱ्या कांचिलची, म्हणजे चतुर पिसोरीची, गोष्ट जास्त अवघड आहे, कारण मुलांचे मन कांचिलच्या बाजूने असते आणि उत्तरपत्रिकेला ‘चोरी करू नये’ हवे असते. हा विरोध झाकू नये. अर्ध्या वर्गाने शेतकऱ्याची आणि अर्ध्याने कांचिलची बाजू मांडावी.

व्याकरणाची कलमे आणि वाचनाचा हिशेब

उपसर्ग जोडताना मूळ शब्दाचे पहिले अक्षर बदलते किंवा गळते: तुलिसचे मनुलिस, सापुचे मन्यापु, पुकुलचे ममुकुल. नियमांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा शब्दकोश उघडण्याचा सराव उपयोगी पडतो, कारण इंडोनेशियन शब्दकोशात शब्द मूळ रूपाखाली सापडतो आणि मन्यापु शोधायला सापुपर्यंत पोहोचावेच लागते. ‘दि’ क्रियापदाला जोडून आणि स्थळवाचक शब्दापासून तोडून लिहायचे असते, पण यातली चूक मोठ्यांच्या पाट्यांवरही दिसते. गावातल्या अशा पाट्या मुलांकडून गोळा करून घ्याव्यात.

तास सुरू होण्यापूर्वी १५ मिनिटे अवांतर वाचन करण्याचा उपक्रम २०१५ च्या शासकीय नियमाने आला. तो चांगलाच आहे, पण दररोज पुस्तकाचे नाव, पाने आणि सारांश भरून घेतला की मुले सर्वांत बारीक पुस्तक निवडतात. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या इंडोनेशियन मुलांचा वाचनातला सरासरी गुणांक ३५९ होता, तर विकसित देशांच्या संघटनेची सरासरी ४७६ होती. हे अंतर तक्ते भरून कमी होणार नाही. त्या १५ मिनिटांत शिक्षकाने मोठ्याने वाचावे आणि एखादा प्रश्न अर्धवट सोडून द्यावा.

वागणुकीला विशेषण लावणे

२०१३ च्या अभ्यासक्रमाने प्रामाणिकपणा, शिस्त, जबाबदारी, नम्रता, आस्था आणि आत्मविश्वास या सामाजिक वृत्तींची नोंद शिक्षकांकडे सोपवली. व्यवहारात गप्प बसणारे मूल ‘नम्र’ आणि प्रश्न विचारणारे मूल ‘शिस्त कमी’ ठरते. ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे भाषेच्या तासाला जे बोलणे आपल्याला हवे असते, त्याचीच शिक्षा मूल्यांच्या रकान्यात मिळते. गोतोंग रोयोंगच्या, म्हणजे सर्वांनी मिळून काम करण्याच्या, नावाखाली गटात एकच मूल तक्ता रंगवते आणि ‘सहकार्य उत्तम’ हा शेरा पाचही जणांना मिळतो, तोही याचाच प्रकार. नोंदीत विशेषण न लिहिता प्रसंग लिहावा: कुणी, कुणाला, काय म्हटले आणि पुढे काय झाले. महिन्याकाठी प्रत्येक मुलामागे अशा दोन नोंदी पुरतात, आणि ज्याच्या नावापुढे एकही प्रसंग सुचत नाही, त्या मुलाला पुढच्या आठवड्यात आधी बोलते करावे.