विजेत्यांविषयी मत कसे बनवावे

चित्रपट पुरस्कारांविषयीचे मत सोहळ्याच्या दिवशी बनवू नये. ते आधी बनवावे, वहीत उतरवावे आणि सोहळा पाहताना फक्त तपासून घ्यावे. अमळनेरात आम्ही सात-आठ जण काही वर्षांपासून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार आणि ऑस्कर या रीतीने पाहत आहोत. ज्यांना आपले मत नुसत्या आवडीनिवडीच्या पुढे न्यावेसे वाटते, त्यांच्यासाठी ती रीत इथे लिहीत आहे.

पहिले काम म्हणजे तो पुरस्कार ठरतो कसा हे समजून घेणे, कारण त्यावर आपली सगळी तयारी अवलंबून असते. ऑस्करमध्ये नामांकने आधी जाहीर होतात. बहुतेक विभागांत पाच आणि सर्वोत्तम चित्रपटासाठी दहा नावे असतात, त्यामुळे काय पाहायचे याची यादी आयती हाती येते. राष्ट्रीय पुरस्कारांत अशी नामांकने जाहीर होत नाहीत. एका वर्षात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांपैकी जे स्पर्धेसाठी येतात, ते आधी पाच प्रादेशिक समित्या पाहतात (मराठी चित्रपट पश्चिम विभागाच्या समितीकडे जातात) आणि त्यांतून निवडलेले चित्रपट केंद्रीय समितीपुढे जातात. निकाल सोहळ्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. २०२३ च्या चित्रपटांसाठीचे ७१ वे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले आणि २३ सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते दिले गेले. मधले सात आठवडे हीच आपल्या अभ्यासाची मुदत समजावी.

त्या मुदतीत सगळे विभाग पाहून होत नाहीत, म्हणून चार-पाच विभाग निवडावेत आणि जो चित्रपट पाहिला नाही त्याच्या विभागात तोंड उघडू नये. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही २०२५ मध्ये असाच नियम केला की, ज्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले नाहीत, त्या विभागात त्याला अंतिम फेरीत मत देता येणार नाही. आमच्याकडे हा नियम पाळायला सर्वांत जड गेला, पण चर्चेला खरे वजन आले तेही त्यामुळेच.

आता वहीकडे येऊ. प्रत्येक विजेत्यासाठी एक पान ठेवावे, त्यावर मधोमध उभी रेघ मारावी आणि डावीकडे ‘जिव्हाळा’ व उजवीकडे ‘कसब’ असे लिहावे. डावा रकाना आधी भरायचा, आणि तो अगदी प्रामाणिकपणे भरायचा.

डाव्या रकान्याची गरज खानदेशात विशेष आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळे ‘श्यामची आई’ हे नाव इथल्या घरांत घरातल्या माणसासारखे घेतले जाते. आचार्य अत्रे यांच्या याच नावाच्या चित्रपटाला १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि सुजय डहाके यांचा याच नावाचा चित्रपट ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्तम मराठी चित्रपट ठरला. ही बातमी ऐकल्यावर आमच्या आत्याने चित्रपट पाहिला आणि सांगितले, “मना डोयामा पानी उनं, आखो काय जोयजे?” (माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणखी काय पाहिजे?) ते वाक्य आम्ही डाव्या रकान्यात जसेच्या तसे लिहिले, कारण तीही एक खरी नोंद आहे. मात्र त्या पाण्यात गुरुजींचा वाटा किती, आमच्या गावाचा किती आणि दिग्दर्शकाचा किती, हे उजवा रकाना भरल्याशिवाय कळत नाही.

अशीच गोष्ट सर्वोत्तम अभिनेत्याच्या पुरस्काराची. तो शाहरुख खान आणि विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. माझ्या मते तो एकट्या मॅसी यांना द्यायला हवा होता. पण हे मत लिहिताना मला आधी डावीकडे लिहावे लागले की, माझा भाचा पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, आणि ‘ट्वेल्थ फेल’मध्ये चंबळच्या खेड्यातून निघालेला मुलगा दिसला की मला भाचाच दिसतो. मग मी तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, काही प्रसंग आवाज बंद करून पाहिले, आणि समोरचा माणूस बोलत असताना मॅसी काय करतात तेवढ्याच गोष्टीवर लक्ष ठेवले. खांदे किंचित आत ओढलेले, नजर आधी खाली आणि मग हळूच वर. हे अवघडलेपण त्यांनी चित्रपट पुढे सरकेल तसे थोडे-थोडे सोडत नेले आहे, आणि शब्द ऐकू येत नसतानाही ते कळते. त्यानंतरच उजव्या रकान्यात मत लिहिले, आणि ते आजही कायम आहे.

अभिनय तपासण्याची ही युक्ती सर्वांत भरवशाची आहे. जुन्या पुरस्कारांवर ती आजमावून हात बसवता येतो. शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटील यांना ‘भूमिका’साठी आणि पुढे ‘चक्र’साठी सर्वोत्तम अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि शिरपूरकडच्या माणसाचा डावा रकाना या नावापाशी भरून वाहणारच. तरीही ‘भूमिका’ आवाज बंद करून पाहावा. तरुणपणापासून मध्यम वयापर्यंतची स्त्री उभी करणारी ही अभिनेत्री त्या वेळी जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती, आणि वय वाढलेले दिसते ते रंगभूषेपेक्षा उठण्या-बसण्यातून अधिक.

ध्वनीचा विभाग असेल तर उलट करावे, म्हणजे डोळे मिटून दहा मिनिटे ऐकावे. जागा ओळखू येते का, माणसे दूर-जवळ कळतात का, संगीत थांबल्यावर खाली काय उरते, हे पाहावे. ज्याने केळीच्या बागेत वारा सुटल्यावर पानांची फडफड ऐकली आहे, त्याला शेतातला खोटा आवाज ताबडतोब कळतो, आणि रावेर-यावलकडच्या प्रेक्षकाने हा अधिकार वापरायला संकोचू नये. संकलनासाठी एखादा प्रसंग निवडून प्रत्येक जोडापाशी, म्हणजे एक दृश्य तुटून दुसरे सुरू होते तिथे, थांबावे आणि तो तिथेच का केला असावा, हे स्वतःला विचारावे. वेशभूषेत मात्र नुसती झळाळी पाहू नये, कपडा वापरलेला वाटतो का ते पाहावे. भारताला पहिला ऑस्कर मिळवून देणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे ‘गांधी’मधले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९३६ साली ज्या फैजपुरात काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, त्या परिसरातल्या जुन्या घरांना धुऊन-धुऊन मऊ पडलेली खादी कशी दिसते हे वेगळे सांगावे लागत नाही.

गटाने मत ठरवायचे असेल तर हात वर करून मोजणी करू नये. ऑस्करच्या सर्वोत्तम चित्रपटासाठी सदस्य पसंतीक्रम लावतात. ज्याला पहिल्या पसंतीची मते सर्वांत कमी, तो बाद होतो, त्याची मते चिठ्ठीवरच्या पुढच्या पसंतीला जातात, आणि कोणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालते. आठ चिठ्ठ्यांवर हे सहज करता येते. एकदा आम्हाला असे आढळले की, ज्या चित्रपटावर तिघे जीव टाकत होते तो मागे पडला आणि बहुतेकांनी दुसरा ठेवलेला चित्रपट जिंकला. धक्कादायक वाटणारे कितीतरी निकाल त्या दिवसापासून आम्हाला समजू लागले.

सोहळा पाहताना वहीत तिसरी जागा लागते, ती पानाच्या तळाशी ठेवावी. व्यासपीठावर जे घडते ते तिथे लिहावे आणि वरच्या रकान्यांत मिसळू देऊ नये. ‘नाळ २’मधली चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेली तेव्हा सभागृहाने तिला भरभरून टाळ्या दिल्या आणि आमच्या खोलीतही टाळ्या वाजल्या. ते कौतुक रास्तच होते, पण तिच्या कामाविषयीचे मत आम्ही आधीच लिहून ठेवले होते याचे समाधान त्याहून मोठे होते. आयोजनाविषयीची नाराजीसुद्धा तळाशीच राहावी. ३ मे २०१८ च्या सोहळ्यात राष्ट्रपतींच्या हस्ते फक्त ११ पुरस्कार दिले गेले आणि त्यामुळे अनेक विजेते गैरहजर राहिले. त्या वर्षी सगळी चर्चा त्या वादावरच झाली आणि ज्यांना पुरस्कार मिळाले त्यांच्या कामाविषयी फार थोडे बोलले गेले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

सोहळा संपल्यावर लगेच वही मिटू नये. ज्या निकालाशी मत जुळले नाही, त्या पानावर परीक्षकांच्या बाजूने दोन वाक्ये लिहावीत. ती लिहिता येत नसतील तर तो चित्रपट पुन्हा पाहायच्या यादीत घालावा. प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी सोडावी आणि तीन वर्षांनी तोच चित्रपट पाहून, जुने मत न वाचता, नवे मत तिथे तारखेसह लिहावे.