कोचिंग म्हणजे क्लास नव्हे

कोल्हापुरात ‘मी कोच आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “दहावीचा की एमपीएससीचा?” आधी समजावून सांगायचो, की मी शिकवत नाही; प्रश्न विचारून समोरच्याला त्याची वाट त्यालाच शोधायला मदत करतो. आता नुसता हसतो.

कोच होण्याआधी बारा वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, ट्रेनिंग बघितलं, त्यामुळे शिकवायची खोड अंगात मुरलेली. पहिला क्लायंट उद्यमनगरातला, वडिलांचा कारखाना नुकताच हाती आलेला. (त्याला विचारून, ओळख बदलून लिहितोय.) तक्रार अशी की कास्टिंगचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा ओतीव माल, कमी होत नाही, सुपरवायझर ऐकत नाही. मी साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यापासून ब्लोहोलपर्यंत (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारी पोकळी) अर्धा तास ज्ञान पाजळलं. तो शांतपणे म्हणाला, “सर, हे म्हाईत हाय ओ मला.”

पुढच्या भेटीत तोंड आवरलं. एवढंच विचारलं, “आज इथून उठताना काय हाती लागलेलं असावं?” तो गाडीची किल्ली बोटावर फिरवत बसला. चहावर साय धरली. मी गप्प, फार जड गेलं ते. मग म्हणाला, “आबा, म्हंजे वडील, अजून गेटजवळच्या केबिनमध्येच बसत्यात. सुपरवायझर आधी त्यांना विचारतो. आणि खरं सांगू? मला बी ते बरंच पडतंय.” किल्ली थांबली. रिजेक्शन आलं होतं कारखान्यातून, पण समोर बसला होता मुलगा. विषय काय, कुठवर जायचं, हे तिथून पुढे तोच ठरवू लागला.

नव्या कोचना व्यवहाराचंही सांगतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना प्रमाणपत्र देणारी संस्था. तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसी प्रमाणपत्राला, 60 तासांचं प्रशिक्षण, 10 तास मेंटर कोचिंग (अनुभवी कोचकडून आपल्या कोचिंगवर मार्गदर्शन) आणि 100 तास प्रत्यक्ष काम लागतं. त्यातले 75 तास मोबदल्याचे हवेत, पण मोबदला वस्तूरूपातही चालतो. मला एकाने 10 किलोचा गुळाचा रवा दिला होता! परीक्षा असते ती वेगळी. आणि समोरच्याची झोप उडालीय, जगण्यातच रस उरला नाही असं दिसलं, तर प्रश्न विचारत बसू नका; मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच. फी आबांनी भरली होती. महिन्याने त्यांचा फोन: “काय बोलतंय ओ पोरगं तुमच्याकडं?” मी त, त, प, प. सांगितलं काहीच नाही, पण आबा दुखावले ते दुखावलेच. आता पैसे कोण देणार आणि कुणाला काय कळणार, हे पहिल्याच भेटीत तिघं एकत्र बसून कागदावर घेतो.